भाजीचा रस पिताय, पण चोथ्याचं काय करता? साखर सांभाळून फायबर पुरं पाडण्याची रीत

सकाळी फिरून येताना बागेच्या फाटकापाशी दुधी-कारल्याचा ग्लास, घरी आल्यावर गाजर-बीटाचा दुसरा, आणि ‘आज भाजी पोटात गेली’ म्हणून दुपारच्या ताटात भाजी जेमतेम एक पळी. साखर वाढल्याचं कळल्यावर अनेक घरांत हेच सुरू होतं. आमच्याकडे सासऱ्यांनी एका दमात भाकरी निम्मी केली, फळं बंद केली आणि दोन वेळा रस धरला. महिन्याभरात पोट साफ होईनासं झालं, सकाळी अकरालाच भुकेने जीव कासावीस व्हायचा आणि गाजर-बीटानंतरची साखर त्यांच्या नेहमीच्या नाश्त्यापेक्षा वर दिसायची. चूक भाजीत नव्हती. भाजीतला कामाचा भाग आम्ही रोज गाळणीतून केराच्या डब्यात टाकत होतो.

भाजी गाळली की पाणी, साखर, क्षार आणि काही जीवनसत्त्वं ग्लासात उतरतात. फायबर, म्हणजे न पचणारा तंतुमय भाग, बहुतेक सगळं चोथ्यात राहतं. त्यामुळे ‘रस कुठला प्यावा’ हे नंतर ठरवा. आधी पुढची कामं याच क्रमाने करा.

सुरुवात करण्याआधी: कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

– मूत्रपिंडाचा आजार असेल, तर भाज्यांच्या रसातलं पोटॅशियम धोक्याचं ठरू शकतं. गाळलेला असो वा न गाळलेला, विचारल्याशिवाय रस घेऊ नका.
– मुतखडा झालेला असेल, तर कच्च्या पालकाचा आणि बीटाचा रस टाळा. दोन्हींत खडा बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं.
– रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन किंवा ॲसेनोकौमरॉल चालू असेल, तर पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नका. त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचं गणित बिघडतं.
– इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना रोज कारल्याचा रस घेतला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकाएकी कडकडून भूक ही त्याची लक्षणं.
– थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. ती रसाबरोबर गिळू नका. गोळीनंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

१. सध्या पोटात किती फायबर जातं ते मोजा

अंदाज नको, कागद घ्या. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीचं ढोबळ माप दर १००० किलोकॅलरीमागे १५ ग्रॅम फायबर असं आहे. म्हणजे २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाला रोज ३० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान २५ ग्रॅम सांगते.

आता ‘साखर आहे म्हणून’ कमी केलेलं एक ताट मांडून बघा. दिवसभरात दोन लहान फुलके, म्हणजे ५० ग्रॅम कणीक: साडेपाच ग्रॅम. छोटी वाटी भात: एक ग्रॅमही नाही. दुधीची भाजी १०० ग्रॅम: दोन ग्रॅम. पातळ वरण: दोनाच्या आत. एकूण दहा-अकरा ग्रॅम. सकाळचा गाळलेला रस यात फारशी भर घालत नाही.

हिशेबासाठी हे आकडे जवळ ठेवा. सगळे १०० ग्रॅममागचे आणि ढोबळ आहेत. धान्य आणि कडधान्य कोरडं, न शिजवलेलं धरलं आहे.

अख्खा हरभरा २५, अख्खे मूग १७, मटकी १५, बाजरी आणि नाचणी ११, गव्हाची कणीक ११, ज्वारी १०, पांढरा तांदूळ ३. पेरू साडेआठ, शेवग्याच्या शेंगा जवळपास ७, मेथी आणि गवार ५, गाजर आणि भेंडी ४, बीट ३, पालक अडीचच्या आत, काकडी आणि दुधी २.

यादी एकदा नीट पाहिलीत तर लक्षात येईल की ज्या भाज्यांचा आपण रस काढतो त्या बहुतेक खालच्या टोकाला आहेत. रसावर फायबरची भिस्त ठेवता येत नाही. ते काम कडधान्य, भाकरी आणि शेंगभाज्यांचं आहे.

तपासा: तीन दिवसांची सरासरी काढा, त्यातला एक रविवार असू द्या. सरासरी १५ च्या खाली आली, तर रसाचा विचार बाजूला ठेवून आधी पायरी ७ वाचा.

२. ग्लासात काय घालायचं, काय नाही

हल्ली ‘एबीसी’ नावाने जो रस चालतो, तो सफरचंद, बीट आणि गाजर यांचा. एक सफरचंद, एक मध्यम बीट आणि दोन गाजरं घेतली तर मिळून २५ ते ३० ग्रॅम साखर होते, म्हणजे पाच-सहा चहाचे चमचे. ती ‘नैसर्गिक’ असते हे खरंच. पण गाळल्यावर तिला थोपवणारा चोथा उरत नाही आणि ग्लास दोन मिनिटांत संपतो. हीच दोन गाजरं चावून खायला दहा मिनिटं लागतात आणि एवढी एका बैठकीला कुणी फारशी खात नाही. साखर सांभाळायची असेल तर हा रस बंद करा. तो ‘कमी’ करून भागत नाही, कारण ‘थोडंसं बीट रंगापुरतं’ म्हणता म्हणता आठवड्यात अख्खं बीट परत येतं.

घालण्यासारखं: काकडी, कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो, कोबीची दोन पानं, आवळा, लिंबू, आलं. दुधी चालतो, पण पुढच्या पायरीची अट पाळून.

गाजर, बीट बाद नाहीत. ती कोशिंबिरीत घाला, किसून.

मध, गूळ, खजूर, ‘चवीपुरती’ साखर यांतलं काहीही नको. आंबट-खारट चव लिंबू, जिरेपूड आणि चिमूटभर सैंधवाने येते. रक्तदाब असेल तर सैंधवही मोजूनच, कारण तेही मीठच.

३. प्रत्येक दुधी आणि काकडी चाखून पाहा

ही पायरी चुकली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून इथे सावकाश वाचा.

दुधी, काकडी, दोडका, भोपळा या वेलवर्गीय भाज्यांत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य जास्त तयार होतं. बाहेरून काही कळत नाही. फळ हिरवंगार, कोवळं, सरळ असू शकतं. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने या प्रकरणांचा अभ्यास केला आणि लोकांसाठी सल्ला दिला: रस काढण्याआधी लहानसा तुकडा चाखा, कडू लागला तर दुधी टाकून द्या, रस प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा.

करायचं असं:

दुधीची साल काढून देठाकडचा, मधला आणि टोकाकडचा असे तीन छोटे तुकडे कापा. एकेक जिभेच्या टोकावर ठेवून चावा. जराही कडू वाटलं तर थुंका, चूळ भरा, दुधी फेकून द्या. एकच टोक कडू लागलं तरी सगळा दुधी फेका. ‘तेवढा भाग काढून बाकीचा वापरू’ असं करू नका.

शिजवल्याने हे विष जात नाही. त्यामुळे कडू दुधीची भाजीही नको, थालीपीठही नको.

काकडीचं टोक कापून त्यावर घासून फेस काढायची पद्धत घरोघरी आहे. तिच्यावर विसंबू नका. घासल्यावरही चाखा आणि कडू असेल तर टाका.

इशारा: दुधी आणि कारलं एकत्र कधीही नाही. कारल्याचा कडवटपणा नेहमीचा आहे, म्हणून त्यात कडू दुधी मिसळला तर जिभेला पत्ता लागत नाही. हातगाडीवरचा दुधी-कारलं रस मी याच एका कारणासाठी घरात पूर्ण बंद केला. समोरच्या माणसाने दुधी चाखला होता का, हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात मुरडा यांतलं काही सुरू झालं, तर ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणून घरी बसू नका. या विषावर उतारा नाही, पण वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर जीव वाचतो.

४. धुणं आणि चिरणं

कच्चं प्यायचं आहे, त्यामुळे वरचा जंतू मारायला आच नाही. कोथिंबीर-पुदिन्याची मुळं कापून पानं भरपूर पाण्यात बुडवून हलवा, माती खाली बसू द्या आणि पानं वरून उचला. भांडं तिरकं करून ओतलं तर माती परत पानांवर येते. दोन-तीनदा पाणी बदला, शेवटचं पाणी पिण्याचं. काकडी नळाखाली चोळून धुवा आणि सालीसकट वापरा.

चिरून रात्री ठेवू नका. सकाळची पाच मिनिटं वाचतात, पण चिरलेला भाग काळवंडतो आणि जंतूंना वाढायला मोकळीक मिळते.

५. मिक्सर लावा, गाळणी उचलून ठेवा

कोल्ड प्रेस, म्हणजे सावकाश दाबून रस काढणाऱ्या यंत्रात फायबर टिकतं असं दुकानदार सांगतात. ते खरं नाही. ज्यूसर कुठलाही असो, तो चोथा वेगळा काढतोच, कोल्ड प्रेसही. फायबर त्या चोथ्याबरोबर जातं. घरातला साधा मिक्सर या कामाला जास्त बरा, कारण भांड्यात घातलेलं सगळं भांड्यातच राहतं. पात्यांनी फायबर ‘मरतं’ ही भीतीही सोडा. ते बारीक होतं, नाहीसं होत नाही.

एका माणसासाठी: काकडी १०० ग्रॅम सालीसकट, एक छोटा टोमॅटो, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, पुदिन्याची आठ-दहा पानं, आल्याचा नखाएवढा तुकडा, अर्धं लिंबू किंवा एक आवळा बी काढून, पाणी पाऊण ग्लास.

क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा काकडी, टोमॅटो, आवळा, आलं आणि दोन-तीन चमचेच पाणी. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका. वीस-पंचवीस सेकंद फिरवा, थांबा, कडेचं खाली ढकला, पुन्हा फिरवा. मग पाला घाला आणि परत तेवढंच. उरलेलं पाणी सगळ्यात शेवटी. पाणी आधीच ओतलं तर तुकडे पात्याभोवती नुसते तरंगतात, रस दोरे-दोरे राहतो आणि मग हात आपोआप गाळणीकडे जातो. माझ्या पाहण्यात लोक गाळतात ते चवीसाठी नव्हे, या दोऱ्यांसाठी. क्रम बदलला की दोरे राहत नाहीत.

लिंबू असेल तर ते पिळायचं मिक्सर थांबल्यावर.

तपासा: ग्लास पाच मिनिटं ठेवा. वर जाडसर थर आणि खाली पातळ पाणी दिसलं तर गाळलं नाही हे नक्की. चमच्याने ढवळून प्या. या ग्लासात साधारण ४ ग्रॅम फायबर येतं, आवळा घातला तर थोडं जास्त. साखर एका चहाच्या चमच्याच्या आसपास.

६. कधी प्यायचं आणि साखर कशी तपासायची

नाश्त्याऐवजी नको, नाश्त्याबरोबर. नुसत्या रसावर राहिलं की तासा-दीड तासात भूक खवळते आणि मग हाताला जे लागेल ते तोंडात जातं. बरोबर मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे असू द्या. घोट घोट प्या. केलेला रस फ्लास्कमध्ये भरून कचेरीत नेऊ नका, अर्ध्या तासाच्या आत संपवा.

घरात ग्लुकोमीटर असेल तर वाद घालण्याऐवजी तीन सकाळी खर्च करा. भाज्या रोज त्याच आणि तेवढ्याच, वजन करून. सोबतचा नाश्ताही तोच. पहिल्या दिवशी गाळून, दुसऱ्या दिवशी न गाळता, तिसऱ्या दिवशी त्याच भाज्या कोशिंबीर करून. दर वेळी खाण्याआधी एकदा आणि सुरुवात केल्यापासून बरोबर एक तासाने एकदा तपासा. फिरायला गेलात तर तिन्ही दिवशी सारखंच चाला, नाहीतर आकडे जुळवता येणार नाहीत.

काकडीच्या रसात फार फरक दिसणार नाही, कारण साखर मुळातच कमी. गाजर-बीटावर हाच प्रयोग केलात तर फरक मोठा दिसू शकतो. आमच्याकडे सासऱ्यांना मी बोलून जे पटवू शकले नाही, ते त्या मीटरने तीन दिवसांत पटवलं.

इशारा: आकडा बघून गोळी किंवा इन्सुलिन स्वतः बदलू नका. वही डॉक्टरांना दाखवा.

ज्यूसरच वापरायचा असेल तर: चोथ्याचं काय

घरात ज्यूसर आहे आणि मोडवत नाही, हे मला समजतं. मग निदान चोथा टाकू नका. त्याच दिवशी वापरा, तोवर झाकून फ्रिजमध्ये. कडू निघालेल्या भाजीचा चोथा मात्र सरळ केरात.

थालीपीठ सगळ्यात सोपं. एक वाटी चोथा, एक वाटी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, हळद, ओवा, मीठ. पाणी घालण्याआधी दहा मिनिटं तसंच मळून ठेवा. चोथ्याला स्वतःचं पाणी सुटतं, म्हणून आधीच पाणी घातलं की पीठ सैल होतं, मग सावरायला भाजणी वाढते आणि कर्बोदकांचा हिशेब कोलमडतो. भाजणी एक वाटीच्या वर जाऊ द्यायची नाही.

पाल्याचा चोथा डाळीच्या पिठात मिसळून मुटकुळे वाफवा किंवा पिठल्यात शेवटी घाला. गाजराचा चोथा दह्यात कालवून वर जिऱ्याची फोडणी दिली तर कोशिंबीर होते, फक्त रसाळपणा कमी असल्याने दही जरा जास्त लागतं.

७. खरं फायबर ताटातून

हा दिवस बघा. सकाळी ४० ग्रॅम अख्ख्या मुगाचं धिरडं: जवळपास ७ ग्रॅम. दुपारी ज्वारीची एक भाकरी, ५० ग्रॅम पीठ: ५. गवारीची भाजी १०० ग्रॅम: ५. काकडी-गाजराची कोशिंबीर १०० ग्रॅम: ३. संध्याकाळी अर्धा पेरू: ६. रात्री पुन्हा एक भाकरी: ५. मोड आलेल्या मटकीची उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम: साडेचार. बेरीज ३५ च्या आसपास, आणि यात रसाचा थेंबही नाही.

हे ताट लावताना चार ठिकाणी चुका होतात.

धिरड्यासाठी पिवळी मूगडाळ घेतात. साल गेली की फायबर जवळपास निम्म्यावर येतं. अख्खे हिरवे मूगच भिजवा, आणि भिजवलेले मूग वाटून गाळू नका.

ज्वारीचं पीठ मऊसूत हवं म्हणून मैद्याच्या चाळणीने चाळतात. कोंडा जातो. साध्या चाळणीने खडे-काडी काढण्यापुरतं चाळा. भाकरी थापताना चिरत असेल तर पाणी कढत घ्या, पीठ ताजं दळलेलं घ्या.

पेरूच्या बिया थुंकतात किंवा पेरूचा रस काढतात. पेरू चावून खायचा, सालीसकट, शक्यतो थोडा कच्चाच. मधुमेहात फळ पूर्ण बंद करण्यापेक्षा रस बंद करून असं अर्धं फळ ठेवणं शहाणपणाचं आहे.

चौथी चूक खाण्याच्या क्रमाची. आधी भाकरी-भात आणि पोट भरल्यावर उरली तर कोशिंबीर, असं होतं. उलटं करा: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ-आमटी, शेवटी भाकरी किंवा भात. असं जेवल्यावर जेवणानंतरची साखर कमी उसळते. पानातली डावीकडची कोशिंबीर आणि उजवीकडची भाजी आधी संपवायची, एवढं सांगितलं तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना लक्षात राहतं.

८. वाढवायचं, पण हळूहळू

दहा ग्रॅमवरून एकदम पस्तीसवर उडी मारली तर पोट फुगेल, वारा सरेल, कळा येतील, आणि ‘मला कडधान्यं सोसत नाहीत’ म्हणून सगळं बंद पडेल. आठवड्याला चार-पाच ग्रॅमच वाढवा. पहिल्या आठवड्यात फक्त कोशिंबीर. दुसऱ्यात एका वेळची उसळ, मोड आणून, नीट शिजवून, हिंग-ओव्याची फोडणी देऊन. तिसऱ्यात फुलक्याऐवजी भाकरी. पेरू आणि गवार त्यानंतर.

त्याबरोबर पाणी वाढलंच पाहिजे. फायबर पाणी शोषतं, आणि पाणी नसेल तर मल घट्ट होऊन त्रास उलट वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितलंय, त्यांनी हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

इसबगोल घ्यायचं तर सपाट चमचा, भरलेल्या ग्लासभर पाण्यात, ढवळल्याबरोबर लगेच. ठेवलं की लगदा होतो. कोरडं तोंडात टाकून वर पाणी प्यायचं नाही, ते घशात फुगून अडकू शकतं. गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना देऊच नका. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं. डब्यावर ‘संत्रा चव’ असेल तर मागची यादी वाचा, कारण अशा काही प्रकारांत साखर घातलेली असते. साधं बिनचवीचं इसबगोल स्वस्तही पडतं.

तपासा: दर रविवारी चार गोष्टी वहीत लिहा. फायबरची सरासरी, पोट रोज साफ झालं का, उपाशीपोटीची साखर, आणि सकाळी अकराला भूक लागली का. तिसऱ्या आठवड्यानंतरही पोट साफ होत नसेल, मलात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर फायबर आणखी वाढवत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.